एक चेहरा, दोन नावं

वरच्या मजल्यावरचा पाइप नेमका सुट्टीत फुटला. तिने वर्कशॉपचं दार उघडलं तेव्हा आत घोटाभर पाणी साचलं होतं. मेणाचे साचे पाण्यावर तरंगत होते आणि तयार डोळे तळाशी पडून छताकडे बघत होते. दुसऱ्या कोणी आरडाओरडा करून गल्ली गोळा केली असती. तिने चपला काढून बाहेरच्या पायरीवर ठेवल्या, पॅन्टचे पाय दुमडले आणि एकेक डोळा वेचून चाळणीत जमा केला.

गल्लीत तिला डोळेबाई म्हणत. अपघातात किंवा आजारपणात ज्यांचा एक डोळा गेला आहे, त्यांना ती डोळा बनवून द्यायची. बघणारा नव्हे, नुसता दिसणारा. शाबूत डोळ्याकडे बघत बघत त्याची जोडी रंगवायची, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे सुटे करून शिरा बसवायच्या, आणि शेवटी असं पॉलिश करायचं की समोरच्याला कोणत्या डोळ्यात बघून बोलावं हा प्रश्नच पडू नये. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाकी माणूस म्हणून ती कशी आहे हे सांगू शकेल असं गेल्या काही वर्षांत फारसं कोणी उरलं नव्हतं.

कॉम्प्युटर टेबलाखाली होता, म्हणजे पाण्यात. जादाची डिस्क खालच्या खणात, म्हणजे तीही पाण्यात. आणि शेजाराची किल्ली, बोटाएवढी पट्टी ती, कॉम्प्युटरलाच खोचलेली. ती घरी नेऊन ठेवायची असते हे तिला चांगलं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दार ओढताना तिच्या मनात यायचं आणि रोज ती म्हणायची, उद्या नेऊ.

शेजार म्हणजे काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. डोळे, नाक, कान, बोटं अशा हरवलेल्या गोष्टी बनवणारी माणसं मुळात थोडी. प्रत्येकाचं एका-दोन खोल्यांचं वर्कशॉप, आणि प्रत्येकाकडे लोकांच्या चेहऱ्यांचे फोटो आणि मापं. चेहरा ही काही मोठ्या कंपनीच्या गोदामात भाड्याने ठेवायची चीज नव्हे, यावर या सगळ्यांचं एकमत. एरवी त्यांचं कशावरही एकमत होत नसे. तर त्यांनी आपसातच सोय केली. प्रत्येकाच्या फाईलींना कुलूप लावायचं, त्यांचे तुकडे करायचे आणि ते इतरांच्या कॉम्प्युटरवर पसरून ठेवायचे. नाकवाल्याच्या मशीनवर डोळ्यांचे तुकडे, डोळेबाईच्या मशीनवर कानांचे. दुसऱ्याचं काही वाचता यायचं नाही, नुसतं सांभाळता यायचं. मध्ये मालक नाही, साहेब नाही, ऑफिस नाही. मशीनंच एकमेकांना अधूनमधून विचारत, अमक्याचा तमका तुकडा आहे ना रे तुझ्याकडे, दाखव बघू. दाखवला की त्याची पत वाढे. जो गप्प राही त्याची पत घसरे, आणि महिनाभर गप्प राहिला की शेजारी त्याचे तुकडे टाकून देत. जो आमचं सांभाळत नाही त्याचं आम्ही का सांभाळावं? सरळ मामला.

पण मशीन खरं बोलतंय एवढं कळून भागत नाही. मशीनच्या मागे माणूस कोण? एकाच लबाडाने दहा नावं घेतली आणि दहाही नावांनी एकमेकांची वाहवा केली तर काय करायचं? त्यासाठी शेजारात एक रीत होती. नव्या माणसाने मेळाव्याला येऊन सगळ्यांसमोर खुर्चीत बसायचं. तीन जुन्या सभासदांनी त्याच्याकडे टक लावून बघायचं. ही चेहरे बघूनच पोट भरणारी माणसं, त्यामुळे बघण्यात कसूर नाही. तिघांनी आपल्याला दिसलेली एकेक ओळखखूण स्वतःपाशी नोंदवून ठेवायची. पुढे कधी किल्ली हरवली, तर हेच तिघं तो चेहरा पुन्हा बघणार आणि खूण पटली तर तिघं मिळून नवी किल्ली देणार. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा एकच, एका चेहऱ्याला दोन नावं. तसं करणाऱ्याला शेजार दारात उभं करत नसे, आणि शेजाराने काढलेल्याकडे या धंद्यात सहसा कोणी पेशंट पाठवत नसे.

वर्कशॉप कोरडं करून, उसना कॉम्प्युटर आणून तिने साक्षीदारांना कळवलं तोवर बरेच दिवस गेले होते. तिला घाईच वाटत नव्हती. खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तशी आई गेल्यापासून ती सगळीच झाली होती. जेवायची, काम करायची, पेशंटशी गोड बोलायची. सगळं व्हायचं, पण लागायचं काही नाही.

एक गोष्ट सोडून. आईचा उजवा डोळा ती आणि तिचा धाकटा भाऊ लहान असतानाच गेला होता, आणि शिकून तयार झाल्यावर तिने बनवलेला पहिला डोळा आईचा. आईच्या शाबूत डोळ्याचा एक मोठा फोटो तिच्याकडे होता, उतारवयात काढलेला. मधे कोऱ्या चहासारखा तपकिरी, बाहुलीजवळ जरा उजळ, आणि कडेने वयाचा राखाडी पट्टा. फोटो काढताना आई सारखी पापणी मिटत होती, आणि दिवा धरून उभा असलेला धाकटा तिला हसवत होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ती तो फोटो पडद्यावर लावी. पडद्यावर रंग बरोबर दिसतात की नाही ते बघायला, असं ती स्वतःला सांगे. आई तिच्याकडे बघायची आणि तिच्या आत कुठेतरी काहीतरी हलायचं. दिवसभरात तेवढंच. पेशंटच्या फाईली परत हव्या होत्या हे खरंच, पण त्या पुन्हा मेहनतीने बनवता आल्या असत्या. आईचा डोळा पुन्हा कोण देणार होतं?

साक्षीदार ठरल्या वेळेला व्हिडिओ कॉलवर आले. नाकवाला स्वतः चपट्या नाकाचा आणि त्यावरचे सगळे विनोद आधीच स्वतः करून मोकळा होणारा. कानवाले आजोबा उत्तम कान बनवत आणि त्यांना स्वतःला कमी ऐकू येई. तिसरी बोटवाली. तिच्याशी डोळेबाईचा रंगांबद्दल वर्षानुवर्षं लेखी संवाद होता, पण चेहरा दोघींनी एकमेकींचा कधी पाहिला नव्हता. निदान डोळेबाईने तरी नाही.

“कॅमेरा जरा वर घ्या,” नाकवाला म्हणाला. “कपाळ दिसू दे.”

तिने घेतला. तिघंही बघत राहिले. मग आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“बाई, तुम्ही कोण?”

“बुबुळ,” ती म्हणाली. शेजारात प्रत्येकाला टोपणनाव असे, आणि तिच्या वर्कशॉपचं ते होतं.

“बुबुळाची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे,” नाकवाला म्हणाला. “खूण उघड सांगायची नसते, पण आता सांगायला हरकत नाही, कारण तुमची भुवई अख्खी आहे. आणि दुसरं म्हणजे, बुबुळ हा बाप्या आहे.”

तेव्हा तिला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ती कधी विसरलीच नव्हती. फक्त त्याला काही अर्थ आहे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या काळात धाकटा भाऊ तिच्याबरोबर काम करायचा. ती डोळे रंगवी आणि तो बाकीचं सगळं बघे. रडणाऱ्या पेशंटला हसवणं, फोन घेणं, दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी गोड बोलणं. तिला माणसांत जायचा कंटाळा, त्याला माणसांशिवाय करमत नसे. मेळाव्याच्या दिवशी तिच्या हातात एक डोळा अर्धा रंगवलेला होता. “तू बस,” तो म्हणाला होता. “मी गेलो काय नि तू गेलीस काय, बुबुळ म्हणजे आपलं दुकान.” तो गेला, खुर्चीत बसला. “तू बुबुळ?” असं विचारल्यावर मान हलवून आला. भुवईचा व्रण त्याला तिच्यामुळेच पडला होता. लहानपणी तिने दार ढकललं होतं आणि पलीकडे तो उभा होता.

तिने हे सगळं साक्षीदारांना सांगितलं. सांगताना आपण दुसऱ्या कोणाची तरी हकीकत सांगतोय असं तिला वाटत होतं.

“असं कोणीही म्हणेल,” आजोबा म्हणाले. ते कठोर नव्हते, नुसते खरं बोलत होते. “उद्या एखादी आली आणि म्हणाली की बोटवाली म्हणून माझी बहीण येऊन गेली, तर मी तिला बोटवालीची किल्ली देऊ? ज्याने खुर्चीत बसून हो म्हटलं, त्यानेच येऊन नाही म्हणायला हवं.”

“आणि महिना भरत आलाय,” नाकवाला म्हणाला. “तुमचं मशीन गप्प आहे. लोक तुकडे टाकायला लागतील. मी माझ्याकडचे धरून ठेवीन, पण सगळ्यांना कोण सांगणार?”

बोटवाली हळूच म्हणाली, “तुमच्या भावाला विचारा ना.”

एवढं सोपं असतं तर.

धाकट्याशी तिचं बोलणं आई गेली त्या दिवशी तुटलं होतं. आई दवाखान्यात होती आणि तो तिच्या उशाशी. ही वर्कशॉपमध्ये, लांबून आलेल्या एका पेशंटचा डोळा बसवत होती. त्याने हिला फोन केला तो सगळं संपल्यावर. ही धावतपळत पोहोचली तेव्हा दारातल्या नर्सने हिचा हात धरला आणि म्हणाली, “रस्त्यात अडकलात का हो? तुमचे भाऊ आईंना सांगत होते, ताई निघाली आहे म्हणून.” ही निघालीच नव्हती. हिला कोणी सांगितलंच नव्हतं. धाकट्याने नेहमीसारखं हिच्या जागी उभं राहून उत्तर देऊन टाकलं होतं. तो काहीतरी समजावायला पुढे आला आणि हिने हात वर करून त्याला थांबवलं. तो हात तिने अजून खाली घेतला नव्हता.

मग त्याने दुसऱ्या गावात स्वतःचं वर्कशॉप काढलं. डोळ्यांचंच. काम तो तिच्याकडूनच शिकला होता. आणि तोही शेजारात होता, हे तिला रंग विकणाऱ्याकडून कळलं होतं, पापणी या नावाने. त्याच्याकडच्या मेळाव्यात, तिथल्या तीन साक्षीदारांसमोर तो पुन्हा खुर्चीत बसला होता. इथल्या साक्षीदारांना तिथल्या खुर्चीचा पत्ता नव्हता आणि तिथल्यांना इथल्या. गंमत अशी की पापणी हे नाव खरं होतं, खोटं होतं ते बुबुळ. पण नियमाला तेवढा विचार कुठला? एक चेहरा, दोन नावं. तो इथे येऊन नाही म्हणाला आणि कोणी दोन्हीकडचं ताडून बघितलं, तर त्याचा धंदा बसला.

तिने दोन दिवस फोन केला नाही. त्याच्या काळजीने म्हणाल तर तसं नाही, आणि रागाने म्हणाल तर तेही नाही. फोन हातात घ्यायची आणि परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तिने उसन्या कॉम्प्युटरचा पडदा लावला, आईची फाईल जिथे असायची तिथे बघितलं, आणि मग नंबर फिरवला.

“हॅलो.”

“मी बोलतेय.”

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. “ताई?”

“हो.”

“सगळं ठीक ना?”

“पाइप फुटला,” ती म्हणाली, आणि नळकाम करणाऱ्याला सांगावं तशी सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

“आईचा फोटोपण गेला?”

“सगळंच गेलं.”

त्याच्या खोलीत पॉलिशचं मशीन फिरत होतं. ते त्याने बंद केलं असावं, कारण आवाज हळूहळू खाली आला.

“मी काय सांगायचं त्यांना?”

“खुर्चीत तू बसलास, पण तू बुबुळ नाहीस. एवढंच. पापणीचं काढू नकोस. ही माणसं वेगळी, ती वेगळी. कोणी उकरून बघणार नाही.”

“म्हणजे अर्धंच सांगायचं.”

“तुझी मर्जी.”

“ताई, त्या दिवशी मी आईला जे...”

“ते नको,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साक्षीदारांच्या पुढच्या कॉलला तो येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि आला नाही तर आपल्याला नवल वाटणार नाही असं तिला वाटत होतं. तो आला. पडद्यावर चार चौकोन होते, मग पाचवा उघडला आणि त्यात धाकटा. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. लहानपणी शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलं की असाच जायचा, केसांना पाणी लावून. त्याच्याकडची खोली अंधारी आणि कॅमेरा जुनाट, त्यामुळे चेहरा धूसर दिसत होता. भुवई तेवढी ओळखू येत होती.

“हीच ती,” नाकवाला म्हणाला. “तू बुबुळ?”

“नाही. बुबुळ माझी बहीण आहे. मी तिच्या जागी बसलो. तिने मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मीच मान हलवली.”

“मोठ्याने बोल,” आजोबा म्हणाले. “मला ऐकू नाही आलं.”

त्याने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं. हे मान्य करणं एकदा कठीण, दुसऱ्यांदा ओरडून म्हणजे अगदीच हाल. पण तो बोलला. नाकवाल्याने पेन खाली ठेवलं. संपलं असं सगळ्यांना वाटलं. डोळेबाईचा हात कॉल बंद करायला पुढे झाला होता.

“आणखी एक आहे,” धाकटा म्हणाला. “शेजारात पापणी आहे ना, तिकडच्या मेळाव्यात बसलेला. तोही मीच.”

नाकवाल्याला एकही विनोद सुचला नाही.

“काय म्हणाला?” आजोबांनी विचारलं.

“पापणी मीच आहे!” तो ओरडला. “हाच चेहरा, दोन्हीकडे!”

गरज नव्हती, एवढंच तिच्या मनात आलं. कोणी विचारलं नव्हतं. अर्धं सांगून भागलं असतं. त्याच्याकडे तोंडभर थापा मारायचं कौशल्य होतं, आयुष्यभर त्याने तेच वापरलं होतं, आणि आज नेमकं ते वापरायचं सोडून तो खरं बोलत बसला होता. त्याचा चौकोन बंद झाला. त्याच संध्याकाळी शेजाराने पापणी हे नाव काढून टाकलं, आणि सगळ्या मशीनांनी त्याला काही विचारायचं थांबवलं.

आता बुबुळाची जागा रिकामी झाली होती आणि तिथे खरीला बसवायचं होतं. त्यासाठी समोरासमोरच बघावं लागतं. तिघंही तिच्या वर्कशॉपमध्ये आले. आजोबांना जिना चढायला नाकवाल्याने मदत केली आणि वर आल्यावर स्वतःच धापा टाकत बसला. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. पेशंटसाठी असलेल्या खुर्चीत, दिव्याखाली, डोळेबाई बसली. ज्या खुर्चीसमोर तिचा जन्म गेला त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

तिघांनी तिच्याकडे बघितलं. नाकवाला अर्थातच नाकाकडे बघत होता आणि आजोबा कानांकडे. बोटवालीने तिचा हात उचलून आपल्या तळव्यावर ठेवला, बोटं एकेक करून वळवून बघितली आणि अंगठ्याच्या नखाशी थांबली. तिथे मुरलेला तपकिरी रंग होता, घासून न जाणारा.

“हा रंग तुम्ही मला एकदा लिहून कळवला होतात,” ती म्हणाली. “खूप गडद नको, मध्ये जरा उजेड राहू दे, असं लिहिलं होतंत.”

“हो.”

“कोणासाठी होता तो?”

“आईसाठी,” ती म्हणाली.

बोटवालीने हात लगेच सोडला नाही. इतक्या जवळून, इतका वेळ तिच्याकडे कोणी बघून किती काळ लोटला होता कोण जाणे. तिला अवघडल्यासारखं झालं, आणि अवघडलेपण का होईना, काहीतरी झालं याचं तिला आश्चर्य वाटलं.

नवी किल्ली मिळाली. कुठून कुठून तुकडे यायला लागले, कोणत्या तरी गावातल्या कोणाच्या तरी टेबलाखालच्या मशीनवरून, ज्यांना आपण काय सांभाळलं हे ठाऊकसुद्धा नव्हतं. काही शेजाऱ्यांनी तुकडे टाकून दिले होते, पण तेच तुकडे आणखी कोणाकडे तरी होते. दुपारपर्यंत बहुतेक पेशंट परत आले. आईची फाईल त्यानंतर आली. तिने खुर्ची पुढे ओढली, खिडकीचा पडदा सारला आणि फोटो उघडला.

कोऱ्या चहासारखा तपकिरी. बाहुलीजवळ उजळ. कडेला राखाडी पट्टा. सगळं जागच्या जागी होतं.

ती वाट बघत बसली. आत काहीच हललं नाही. कॉम्प्युटरचा पडदा जवळ घेऊन बघितलं, लांब करून बघितलं. एक चांगला फोटो होता तो, रंग अगदी बरोबर दिसत होते. यासाठी आपण त्याला बुडवला, असं तिच्या मनात आलं, आणि तेही दुरून, दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं.

फोटोच्या कोपऱ्यात शेजाराची एक सूचना येऊन पडली होती. पापणी हे नाव काढलं आहे, कोणी हमी घेणार का? ही शेजारातली फट होती म्हणा किंवा माणुसकी. काढलेल्या माणसाची एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावावर हमी घेतली तर तो परत येऊ शके. पुढे तो पुन्हा चुकला तर दोघंही बाहेर. आजवर कोणी कोणाची अशी हमी घेतल्याचं तिने ऐकलं नव्हतं. कोण कशाला विस्तव पदरात घेईल?

तिने ‘घेते’ म्हटलं. मोठेपणाने नाही. त्याने तिच्यासाठी खुर्चीत बसून मार खाल्ला होता, आणि अशा वेळी उठून उभं राहायचं असतं एवढं तिला अजून आठवत होतं.

पुढे प्रश्न आला. या माणसाला तुम्ही आत्ता, समोरासमोर पाहिलं आहे का? असल्यास ओळखखूण लिहा.

तिने लिहायला घेतलं, डावी भुवई मधोमध. ही खूण तिला झोपेतही आली असती, ती तिनेच तर केली होती. मग तिची बोटं थांबली. तिने त्याला कुठे पाहिलं होतं? अंधाऱ्या खोलीतला एक धूसर चौकोन, आणि त्याआधी दवाखान्याच्या दारात, तेही हात वर करून. न बघता हो म्हणायचं, तर मग त्याने काय वेगळं केलं होतं?

तिने लिहिलेलं खोडलं, भिंग पर्समध्ये टाकलं आणि बस पकडली.

त्याचं वर्कशॉप एका शिवणकामाच्या दुकानावर होतं. दार अर्धं उघडं होतं. आत एकही पेशंट नव्हता, पॉलिशचं मशीन झाकून ठेवलेलं, आणि तो खिडकीशी बसून रेशमाचे धागे सुटे करत होता. डोळा कोणाचाच समोर नव्हता, तरी करत होता. तिला बघून तो उभा राहिला.

“तुझी हमी घ्यायची आहे,” ती म्हणाली. “त्यासाठी बघावं लागतं. बस खुर्चीत.”

“ताई, उगाच माझ्यासाठी तुझं...”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. तिने दिवा ओढला. त्याने हात मांडीवर ठेवले, मग खुर्चीच्या दांड्यांवर, मग पुन्हा मांडीवर.

“एक सांगू?” तो म्हणाला. “मग वाटलं तर जा.”

या खेपेला तिने हात वर केला नाही.

“डॉक्टर म्हणाले होते अजून दोन दिवस आहेत. म्हणून मी तुला फोन केला नाही. तुझ्याकडे पेशंट होता. मग एकदम सगळं घसरायला लागलं. आईने विचारलं, ताई निघाली का? आता कुठला फोन नि कुठलं काय. मी म्हटलं, हो, निघाली आहे. ती म्हणाली, मग मी जरा झोपते, आली की उठव मला.”

खाली शिवणयंत्र चाललं होतं. ते थांबलं आणि परत सुरू झालं.

“तेवढंच,” तो म्हणाला. “मला तिला उठवता आलं नाही.”

तिने पर्समधून भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. व्रण तिथेच होता, त्याच्या कडेला दोन केस पांढरे झाले होते. मग भिंग थोडं खाली आलं. तिने हजारो डोळे पाहिले होते. याचे मात्र दोघं एकत्र काम करत असताना रोज समोर असूनही कधी नीट बघितले नव्हते, घरातल्या माणसाचे कोण बघतं? कोऱ्या चहासारखा तपकिरी. बाहुलीजवळ जरा उजळ. आणि कडेने, नुकताच धरायला लागलेला, आईला लवकर आला होता तसाच लवकर आलेला, राखाडी पट्टा. हा तेव्हा नव्हता. हा या न बोललेल्या वर्षांत आला होता. आणि हा डोळा ओला होत होता, पापणी मिटत होता, फोटोला जे कधी जमलं नव्हतं ते सगळं करत होता.

तिच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात हललं की तिला खुर्चीचा दांडा धरावा लागला. दुखत होतं. सरळ, साधं दुखत होतं, सुन्न झालेल्या गालात जीव परत येताना दुखतं तसं.

“झालं का बघून?” त्याने विचारलं.

“नाही झालं,” ती म्हणाली. “हलू नकोस.”